बातमी पोचली, संवादाचे काय?

पत्रकारिता शिकविणाऱ्या संस्थेच्या प्रमुखाने नव्या विद्यार्थ्यांना काय सांगावे? बातमी तत्परतेने मिळवा, अचूक लिहा आणि वेळेवर वाचकांपर्यंत पोचवा, असेच बहुतेक जण म्हणतील. जेम्स केरी या अमेरिकन प्राध्यापकांचा यांपैकी कशालाच विरोध नव्हता. मात्र बातमी पोचविणे म्हणजेच पत्रकारिता ही समजूत मुळातच अपुरी आहे, आणि तिच्यामुळे वृत्तपत्रे, राजकारण व विद्यापीठे या तिघांचेही नुकसान झाले आहे, असे ते सुमारे चार दशके सांगत राहिले. 2006 च्या मे महिन्यात केरी यांचे निधन झाले. त्याच वर्षी ट्विटर सुरू झाले आणि फेसबुकची दारे सर्वांना खुली झाली. आज बातमी पोचायला काही क्षणही लागत नाहीत. पोचविण्याचा प्रश्न असा जवळजवळ सुटला असताना लोकांना एकमेकांचे म्हणणे ऐकून घेणे मात्र पूर्वीपेक्षा अवघड का वाटावे? या प्रश्नाचे उत्तर शोधताना केरी यांच्या विचारांकडे वळणे उपयोगाचे आहे. त्या विचारांचा एक धागा थेट महाराष्ट्राशी येऊन जुळतो, हे तर अधिकच लक्षणीय आहे.

शाळेबाहेरचे शिक्षण

केरी यांचा जन्म 1934 साली ऱ्होड आयलंड या अमेरिकेतील सर्वांत लहान राज्यात, प्रॉव्हिडन्स शहरी झाला. घर आयरिश कॅथलिक, कष्टकरी वस्तीतले. लहानपणीच हृदयविकाराचे निदान झाल्यामुळे पौगंडावस्थेपर्यंत ते नियमित शाळेत जाऊच शकले नाहीत. घरी थोडाफार अभ्यास झाला, की उरलेला दिवस मोकळा. तो वेळ हा मुलगा वस्तीतील म्हातारी माणसे, बेकार कामगार आणि घरी असलेल्या बायका यांच्या सहवासात काढी. संप, निवडणुका, चर्चमधील भानगडी, शेजारपाजारची सुखदुःखे यांच्या गप्पा चालत आणि तो त्या ऐकत बसे. समाज म्हणजे काय, याचा पहिला पाठ त्याला पुस्तकातून मिळाला नाही. माणसांच्या बोलण्यातून मिळाला.

पुढे ऱ्होड आयलंड विद्यापीठातून पदवी आणि 1963 साली इलिनॉय विद्यापीठातून डॉक्टरेट मिळवून ते अध्यापनात शिरले. 1979 ते 1992 या काळात इलिनॉय विद्यापीठाच्या संज्ञापन महाविद्यालयाचे ते अधिष्ठाता होते. त्यानंतर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातील पत्रकारिता विद्यालयात ते अखेरपर्यंत शिकवीत राहिले. त्यांनी जाडजूड ग्रंथ लिहिले नाहीत. त्यांचे बहुतेक लेखन निबंधांच्या स्वरूपात आहे, आणि त्यांतील महत्त्वाच्या निबंधांचा संग्रह 1989 साली ‘कम्युनिकेशन अ‍ॅज कल्चर’ या नावाने प्रसिद्ध झाला. विद्वानांची खास परिभाषा त्यांना येत होती. पण तिच्या तटबंदीआड राहून बोलणे त्यांना मान्य नव्हते. सार्वजनिक जीवनाविषयी जो लिहितो, त्याचे लेखन सार्वजनिक जीवनात वावरणाऱ्या माणसाला वाचता आले पाहिजे, असा त्यांच्या लेखनाचा बाणा होता.

पाठविणे आणि सहभागी होणे

1975 साली लिहिलेल्या एका निबंधात केरी यांनी संज्ञापनाच्या दोन कल्पना समोरासमोर ठेवल्या. पहिली कल्पना वाहतुकीची. एका ठिकाणचा संदेश दुसऱ्या ठिकाणी न्यायचा. तो किती वेगाने गेला, किती जणांपर्यंत गेला आणि त्याचा त्यांच्यावर काय परिणाम झाला, हे मोजायचे. अमेरिकेतील संशोधन, जाहिरातव्यवसाय आणि राजकीय प्रचार यांचा सारा भर या कल्पनेवर होता. दुसरी कल्पना सहभागाची. माणसे एकत्र येतात, एका जगाचे चित्र पुन्हा पुन्हा रेखाटतात, त्याला दुजोरा देतात, त्यावर वाद घालतात. आणि यातूनच त्यांचा समाज टिकून राहतो. केरी यांनी वृत्तपत्रवाचनाची तुलना चर्चमधील सामुदायिक प्रार्थनेशी केली. प्रार्थनेला जाणारा माणूस नवी माहिती मिळविण्यासाठी जात नाही.

मराठी वाचकाला हे समजण्यासाठी चर्चपर्यंत जाण्याचे कारण नाही. कीर्तनाला बसलेल्या प्रत्येकाला हरिश्चंद्राचे आख्यान ठाऊकच असते. राजाचे पुढे काय झाले, हे कळावे म्हणून कोणी देवळात जात नाही. तरीही सत्त्वपरीक्षेचा प्रसंग आला, की सभामंडपात शांतता पसरते. खरेपणासाठी माणसाने किती सोसावे, हा प्रश्न त्या रात्री सर्वांनी मिळून पुन्हा एकदा आपलासा केलेला असतो. वृत्तपत्राच्या रोजच्या वाचनातही याचा अंश असतोच. कालच्या सभेला स्वतः हजर असलेला माणूससुद्धा आज सकाळी त्या सभेचा वृत्तांत आधी वाचतो, याचे कारण दुसरे काय असणार?

यावरून केरी माहितीला तुच्छ लेखत होते, असे मात्र समजू नये. खोटी बातमी सर्वांनी मिळून वाचली म्हणून ती खरी ठरत नाही, हे त्यांनाही मान्यच होते. त्यांचे म्हणणे इतकेच होते, की माहितीला अर्थ येतो तो संवादात. ज्या माहितीवर कोणी कोणाशी बोलणार नाही, ती माहिती कितीही वेगाने आली, तरी तिच्यातून नागरिक घडत नाही.

तारायंत्राचा धडा

वाहतुकीची कल्पना इतकी प्रबळ का झाली, याचा शोध केरी यांनी इतिहासात घेतला. कॅनडाचे अर्थशास्त्रज्ञ हॅरॉल्ड इनिस यांच्याकडून त्यांनी एक दृष्टी घेतली होती: दळणवळणाचे साधन बदलले, की सत्तेचा आकारही बदलतो. 1983 सालच्या एका निबंधात त्यांनी तारायंत्राचे उदाहरण घेतले. 1844 साली वॉशिंग्टन आणि बाल्टिमोर यांच्या दरम्यान मोर्स यांची तार गेली. तोवर निरोप हा माणसाच्या, घोड्याच्या, जहाजाच्या किंवा आगगाडीच्या वेगानेच जाऊ शकत असे. तारेने निरोपाला वाहनापासून सोडविले. मग दूरदूरच्या बाजारपेठांतील भाव एकमेकांना जखडले गेले. गहू कोठारात असतानाच त्याच्या भावी किमतीचे सौदे होऊ लागले. 1883 साली अमेरिकन रेल्वे कंपन्यांनी देशाचे कालविभाग पाडले आणि गावोगावच्या घड्याळांना दूरवर ठरलेली वेळ पाळावी लागली. बातमीची भाषाही बदलली. शब्दागणिक पैसे मोजावे लागत असल्यामुळे स्थानिक बोलीची लकब, विनोद आणि मत गळून पडले. कोणत्याही गावात चालेल असे कोरडे वाक्य उरले.

साम्राज्यांच्या बाबतीत केरी यांचे निरीक्षण आपल्या दृष्टीने महत्त्वाचे आहे. तारेपूर्वी वसाहतीतील अधिकाऱ्याला बरेचसे निर्णय स्वतःच घ्यावे लागत. विचारणा करून उत्तर येईपर्यंत महिने लोटत. 1870 साली समुद्रतळावरून टाकलेल्या तारांनी मुंबई लंडनशी जोडली गेली, आणि लंडनचा हुकूम त्याच दिवशी इकडे येऊ लागला. मुंबईला लंडनची बातमी लवकर कळू लागली हे खरे. पण त्याहूनही अधिक खरे म्हणजे लंडनची हुकमत मुंबईवर घट्ट बसली. वेगवान साधन सर्वांना सारखेच स्वतंत्र करते, हा भ्रम आहे. भारतातील तारसेवा 2013 च्या जुलै महिन्यात बंद झाली. तारेने लावलेली सवय मात्र गेलेली नाही. प्रत्येक नव्या साधनाचे स्वागत आजही ‘आता जग जवळ आले’ याच शब्दांनी होते. जग कोणाच्या जवळ आले आणि लगाम कोणाच्या हाती गेला, हा प्रश्न मागाहून सुचतो.

छापखाने चालू, बोलणे बंद

केरी यांचे एक मत प्रथमदर्शनी अतिशयोक्त वाटते. प्रसारमाध्यमे आणि पत्रकारिता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, असे ते म्हणत. सोव्हिएत संघराज्यात वृत्तपत्रे होती, नभोवाणी होती, बातम्यांचा मोठा व्यवहार होता. तरीही तेथे पत्रकारिता नव्हती, कारण लोकशाही नव्हती. त्यांच्या लेखी पत्रकारिता हे लोकशाहीचेच दुसरे नाव होते. छापखाना, प्रक्षेपणकेंद्र, दूरचित्रवाणी ही केवळ साधने. त्यांचा उपयोग पत्रकारितेसाठी होतो, तसाच तिचा गळा दाबण्यासाठीही होतो.

या मताची खूण पटविणारा अनुभव भारताने त्याच 1975 साली घेतला. 25 जूनच्या रात्री आणीबाणी पुकारली गेली, आणि लगोलग वृत्तपत्रांवर पूर्वपरीक्षण लादले गेले. वाहतुकीच्या कल्पनेने पाहिले, तर पुढे फारसे काही बिघडले नाही. छापखाने चालू होते, वृत्तपत्रांचे गठ्ठे आगाड्यांतून आणि एस.टी.तून गावोगाव जात होते, आकाशवाणीच्या बातम्या ठरल्या वेळी लागत होत्या. बंद पडले होते ते एकमेकांशी मोकळेपणाने बोलणे. 28 जूनला ‘इंडियन एक्स्प्रेस’ने अग्रलेखाची जागा कोरी सोडली. माहितीच्या हिशेबाने त्या जागेत काहीच नव्हते. पण जे सांगायचे होते, ते वाचकांना अचूक समजले. त्या वर्षाच्या अखेरीस कऱ्हाडच्या साहित्य संमेलनात अध्यक्षा दुर्गाबाई भागवत यांनी आजारी जयप्रकाश नारायण यांच्यासाठी प्रार्थना करण्याचे आवाहन केले. त्या काही क्षणांच्या शांततेनेही कोणाला कसली नवी माहिती दिली नाही. तेथे जमलेल्यांना दिली ती एवढीच जाणीव, की आपण एकटे नाही. केरी ज्याला सहभाग म्हणत होते, तो हाच.

प्रेक्षक की नागरिक?

राजकारणाविषयीच्या केरी यांच्या चिंतनाचे मूळ 1920 नंतरच्या दशकातील एका चर्चेत आहे. वॉल्टर लिपमन यांनी 1922 साली ‘पब्लिक ओपिनियन’ आणि 1925 साली ‘द फँटम पब्लिक’ ही पुस्तके लिहिली. आधुनिक जग इतके गुंतागुंतीचे आहे, की सामान्य नागरिकाच्या डोक्यात त्याचे खरे चित्र उमटूच शकत नाही. तेव्हा तज्ज्ञांनी वस्तुस्थितीचा अभ्यास करून राज्यकर्त्यांना मार्गदर्शन करावे, असा त्यांचा विचार होता. तत्त्वज्ञ जॉन ड्युई यांनी लिपमन यांचे निदान गंभीरपणे घेतले. उपाय मात्र नाकारला. 1927 सालच्या ‘द पब्लिक अँड इट्स प्रॉब्लेम्स’ या पुस्तकात त्यांनी मांडले, की लोकसमूहाला जे समजत नाही, त्याचे कारण त्याची बुद्धी तोकडी आहे हे नव्हे. एकत्र बसून विचार करण्याच्या जागा त्याच्याकडून हिरावल्या गेल्या आहेत, हे आहे.

केरी ड्युईंच्या बाजूने उभे राहिले. विसाव्या शतकात अमेरिकन वृत्तपत्रे लिपमन यांच्या मार्गाने गेली, असे त्यांचे निदान होते. तज्ज्ञ बोलतात, पत्रकार ते सोपे करून सांगतो, वाचक ऐकतो. राजकारण हा दूरवर चाललेला खेळ होतो आणि नागरिक त्याचा प्रेक्षक. लोकांची मते हवी असतील, तर त्यांना एकत्र आणण्याची गरजच उरत नाही. प्रश्नावली घेऊन एकेकाला गाठले, की झाले. जॉर्ज गॅलप यांनी 1936 च्या अध्यक्षीय निवडणुकीत रूझवेल्ट यांच्या विजयाचे भाकीत केले आणि जनमत-चाचणीचा बोलबाला झाला. केरी या चाचण्यांकडे साशंक दृष्टीने पाहत. एकमेकांशी न बोललेल्या हजार माणसांच्या उत्तरांची बेरीज म्हणजे लोकमत नव्हे. लोकमत चर्चेतून घडते आणि चर्चेत बदलतेही. चाचणी त्याची नक्कल करते, आणि नक्कल हाती आली, की अस्सल लोकमत घडण्याची कोणाला निकड वाटत नाही. हा टीकाकार आयोवा विद्यापीठात काही काळ गॅलप यांच्याच नावाच्या अध्यासनावर होता, हा योगायोगही मोठा मजेशीर.

‘का’ आणि ‘कसे’ यांचा दुष्काळ

बातमीत कोण, काय, कोठे, केव्हा, का आणि कसे या सहा प्रश्नांची उत्तरे असावीत, हा पत्रकारितेचा पहिला धडा. 1986 सालच्या एका निबंधात केरी यांनी दाखवून दिले, की पहिल्या चार प्रश्नांची उत्तरे देऊन बातमी बहुधा थांबते. ‘का’ आणि ‘कसे’ हा तिच्यातला अंधारा प्रदेश राहतो. ‘का’ विचारले गेलेच, तर उत्तर एखाद्या व्यक्तीच्या हेतूत शोधले जाते. अमुक मंत्री असे का बोलले? मते मिळविण्यासाठी. तमुक नेत्याने पक्ष का सोडला? पद मिळाले नाही म्हणून. हेतू सांगितला, की कारण सांगितल्याचा भास होतो. त्यामागची आर्थिक, सामाजिक कारणे, त्याचे परिणाम आणि त्याचा अर्थ बाजूलाच राहतात. असे वाचून वाचून वाचकाची खात्री होते, की राजकारण म्हणजे स्वार्थाचा बाजार, आणि मग तो राजकारणाकडे पाठ फिरवतो. निष्क्रिय नागरिक घडविण्याचे काम येथे कोणी कट करून करीत नाही. सवय ते करते.

यावर केरी यांनी सुचविलेला उपाय शिक्षकांना विशेष रुचेल असा आहे. एका दिवसाच्या एका बातमीकडून साऱ्याची अपेक्षा करू नये. पत्रकारिता हा एक अभ्यासक्रम आहे. घटनेची बातमी हा त्याचा पहिला पाठ; नंतरचा मागोवा, लेख, अग्रलेख, साप्ताहिकातील विवेचन आणि शेवटी पुस्तक हे पुढचे पाठ. ‘का’चे उत्तर या साऱ्या पाठांत मिळून सापडते. पहिलाच पाठ रोज नव्या विषयावर सुरू करायचा आणि दुसरा कधीच घ्यायचा नाही, असा वर्ग चालविणाऱ्या शिक्षकाला कोणती शाळा ठेवून घेईल? मोबाइलच्या पडद्यावर दिवसभर आदळणाऱ्या ठळक बातम्यांचा वर्ग मात्र असाच चालतो, आणि तो सर्वांत मोठा वर्ग आहे.

विद्यापीठ कोणासाठी?

अमेरिकेत पत्रकारितेचे पहिले विद्यालय 1908 साली मिसूरी विद्यापीठात निघाले. कोलंबियाचे विद्यालय जोसेफ पुलित्झर यांच्या देणगीतून 1912 साली सुरू झाले. पुलित्झर हे स्वतः वृत्तपत्रमालक. तरीही या विद्यालयात वृत्तपत्राचा धंदा शिकवू नये, असा त्यांचा 1904 साली मांडलेला आग्रह होता. विद्यापीठाने धंद्याला कामगार पुरवायचे नसून समाजाला विचारी पत्रकार द्यायचे आहेत, हे त्यामागचे तत्त्व. व्यवहारात पुढे वेगळेच घडले. पत्रकारितेच्या शेजारी जाहिरात आणि जनसंपर्क हे विषय येऊन बसले, आणि संज्ञापनशास्त्र या विशाल छत्रीखाली सर्वांची मोट बांधली गेली.

केरी हे स्वतः अशाच संज्ञापन महाविद्यालयाचे अधिष्ठाता होते. पण या मोटेविरुद्ध त्यांनीच आवाज उठविला. जनसंपर्क अधिकाऱ्याची निष्ठा ज्याने त्याला नेमले त्याच्याशी. पत्रकाराची निष्ठा लोकांशी. एकाच्या कौशल्याचा दुसऱ्याला उपयोग होईल. दोघांची प्रतिज्ञा मात्र एक नव्हे. पत्रकारितेचे खरे सोयरे साहित्य, इतिहास, तत्त्वज्ञान आणि राजकीय विचार हे विषय आहेत, असे ते म्हणत. तंत्र दर पाच-दहा वर्षांनी बदलते. ते कोठेही शिकता येते. गाव म्हणजे काय, सत्ता कशी चालते, साक्ष कशी पारखावी, वाक्यातली लबाडी कशी ओळखावी, हे शिकविणारे मात्र विद्यापीठाशिवाय दुसरे स्थान नाही.

1978 साली पत्रकारिता-शिक्षकांच्या राष्ट्रीय संघटनेचे अध्यक्ष म्हणून केलेल्या भाषणात त्यांनी विद्यापीठाच्या परंपरेची बाजू मांडली, आणि ‘व्यावसायिकता’ या सर्वांना प्रिय असलेल्या शब्दावरच शंका घेतली. व्यवसायाची चौकट पक्की झाली, की माणसांचे दोन वर्ग पडतात: जाणकार आणि अशील. डॉक्टरापुढे रुग्ण, वकिलापुढे पक्षकार, तसा पत्रकारापुढे वाचक हात जोडून बसतो. लोकशाहीत मात्र वाचक हा पत्रकाराचा अशील नसतो. तो त्याच्या बरोबरीचा नागरिक असतो. प्राध्यापकाचेही तसेच. आपल्या विषयातील वीस जणांनाच कळेल असा शोधनिबंध लिहून ज्याची बढती होते, त्याला गावातील वाचनालयात व्याख्यान देण्याची गरज वाटेनाशी होते. विद्यापीठाला ज्ञान मिळत राहते. गावाच्या वाट्याला त्यातले काही येत नाही.

बैठकीत जागा कोणाला?

केरी यांच्या विचारावर आक्षेप घेतले गेले आहेत, आणि ते वजनदार आहेत. वृत्तपत्रांचे अभ्यासक मायकेल शडसन यांनी 2008 साली दाखवून दिले, की लिपमन आणि ड्युई यांच्यातील चर्चेला केरी यांनी वाजवीपेक्षा अधिक झुंजीचे रूप दिले. लिपमन लोकशाहीचे शत्रू नव्हते आणि ड्युई यांनीही त्यांची वाखाणणी केली होती. हा आक्षेप रास्त आहे. दुसरा आक्षेप याहून खोलवर जातो. केरी ज्या अठराव्या शतकातील खाणावळींची आणि मद्यगृहांची आठवण काढतात, जेथे अनोळखी माणसे वृत्तपत्र वाचून त्यावर वाद घालीत, तेथे बसायला जागा कोणाला होती? स्त्रियांना नव्हती, गुलामांना नव्हती. संवाद मोलाचा खरा. पण बैठकीचे दार कोणी लावून घेतले होते, हेही विचारले पाहिजे.

हा प्रश्न महाराष्ट्राला नवा नाही. मराठी वृत्तपत्रसृष्टीला संवादाची मोठी परंपरा आहे. 1832 साली बाळशास्त्री जांभेकर यांनी ‘दर्पण’ काढले. 1848 पासून लोकहितवादींची शतपत्रे ‘प्रभाकर’मधून आली, वृत्तपत्रातील पत्र हे समाजाशी बोलण्याचे साधन आहे, हे त्यांनी दाखविले. टिळकांशी मतभेद झाल्यावर आगरकरांनी 1888 साली ‘सुधारक’ काढला, आणि दोन मित्रांचा वाद सर्व महाराष्ट्राचा वाद झाला. परंतु या थोर वादात ज्यांच्याविषयी बोलले जाई, त्यांपैकी पुष्कळांना स्वतः बोलण्याची सोय नव्हती.

नेमक्या याच ठिकाणी केरी यांच्या विचाराचा धागा आपल्याकडे येतो. केरी यांच्या 1975 च्या निबंधाचा आधार आहे जॉन ड्युई यांचा. समाज संज्ञापनाच्या योगाने चालतो एवढेच नव्हे, तर तो संज्ञापनातच अस्तित्वात असतो, हा विचार त्यांनी ड्युईंच्या 1916 सालच्या ‘डेमॉक्रसी अँड एज्युकेशन’ या ग्रंथातून घेतला. त्याच ग्रंथातील आणखी एक विचार, लोकशाही ही केवळ राज्यपद्धती नसून एकमेकांच्या सहवासात, एकमेकांना अनुभव सांगत जगण्याची रीत आहे, हा डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी आपल्या 1936 सालच्या ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’ या निबंधात आपलासा केला. 1913 ते 1916 या काळात कोलंबिया विद्यापीठात ते ड्युईंच्या वर्गात बसले होते. पुढे ज्या विद्यापीठात केरी पत्रकारिता शिकविणार होते, तेथेच लोकशाही म्हणजे संवाद हा पाठ एका भारतीय विद्यार्थ्याने कितीतरी आधी घेतला होता.

आणि परत येऊन त्या विद्यार्थ्याने काय केले? 31 जानेवारी 1920 रोजी ‘मूकनायक’ हे पाक्षिक सुरू केले. त्यासाठी शाहू महाराजांनी अडीच हजार रुपयांचे साहाय्य दिले होते. पहिल्याच अंकात आंबेडकरांनी हिंदू समाजाला शिडी नसलेल्या मनोऱ्याची उपमा दिली: प्रत्येक जात हा एक मजला, आणि ज्याने ज्या मजल्यावर जन्म घ्यावा, त्याने तेथेच मरावे. मुंबई इलाख्यातील बहुतेक वृत्तपत्रे विशिष्ट जातींचे हित पाहतात, अशी तक्रारही त्यांनी तेथेच नोंदविली. मजल्यांमध्ये शिडी नसेल, तर वरच्या मजल्यावरची चर्चा कितीही विद्वत्तापूर्ण असो, ती लोकचर्चा नव्हे. जे मुके आहेत त्यांना जीभ नाही असे नाही. त्यांचे ऐकून घेणारे छापील पान नाही, हे ‘मूकनायक’ या नावातच सुचविले आहे. केरी यांच्या विचारातील उणीव ड्युईंच्याच दुसऱ्या विद्यार्थ्याने अशी अगोदरच भरून काढली होती. संवाद टिकविणे हे पत्रकारितेचे निम्मे काम. बैठकीबाहेर ठेवलेल्याला आत जागा करून देणे हे उरलेले निम्मे.

आजची कसोटी

आज प्रत्येकाच्या हातात छापखाना आहे, असे म्हटले जाते. एका अर्थाने शंभर वर्षांपूर्वीची तक्रार दूर झाली. बोलायला कोणाची परवानगी लागत नाही. ज्यांना पूर्वी कोणत्याही पानावर जागा नव्हती, त्यांचे शब्द आज हजारोंपर्यंत जातात. या लाभाला कमी लेखणे अन्यायाचे होईल. परंतु वाहतुकीची कल्पनाच येथे पुन्हा विजयी झालेली दिसते. किती जणांनी पाहिले, किती जणांनी पुढे पाठविले, हेच मोजले जाते. प्रत्येक जण आपल्यासारख्याच माणसांच्या गटात बोलतो, दुसऱ्या गटाचे वाक्य त्याच्याकडे येते ते बहुधा चिडविण्यापुरते. मनोऱ्याच्या प्रत्येक मजल्यावर ध्वनिक्षेपक बसविले गेले. शिडीचे काम मात्र राहूनच गेले.

ते काम कोणा एकाचे नाही. ज्या वृत्तपत्राला आपल्या वाचकांचा पत्रव्यवहार ही भरतीची जागा वाटत नाही. जो शिक्षक वर्गात एखादी बातमी घेऊन मुलांना तिचा ‘का’ विचारायला लावतो. जो कारकून कचेरीतील दुपारच्या सुट्टीत विरुद्ध पक्षाच्या सहकाऱ्याचे म्हणणे अखेरपर्यंत ऐकून घेतो. जो विद्यार्थी निरोप पुढे पाठविण्यापूर्वी त्याची साक्ष तपासतो. ते सर्व हे काम करीतच असतात. प्रॉव्हिडन्सच्या एका वस्तीत शाळेत न गेलेला आजारी मुलगा म्हाताऱ्या माणसांच्या गप्पा ऐकत बसला होता, तेव्हा तोही हेच शिकत होता. बातमी घरपोच येण्याची व्यवस्था आता कोणीही करील. ती आल्यावर शेजाऱ्याचे दार ठोठावायचे की नाही, हे मात्र ज्याचे त्यालाच ठरवावे लागेल.